जमीन कागदानं गेली, कागदानंच परत आणू



12 ऑक्टोबर 1992 ला कोलंबस नावाचा दर्यावर्दी अमेरिकेच्या बाजूला पोचला त्याला 500 वर्षं पुरी झाली. स्पेन देशात त्याचा मोठा उत्सव झाला. सेव्हिल शहरात सहा महिने जगाचं प्रदर्शन भरलं. शाळेच्या पुस्तकात आपणही पाठ केलं की कोलंबसानं अमेरिकेचा शोध लावला. पण जिथं लोक आधीच मका पिकवत होते, गावं वसवून राहत होते, तो मुलूख शोधला म्हणजे काय केलं? उद्या आपल्या वावरात कुणी साखळी घेऊन आला आणि म्हणाला, ही जमीन मी शोधली, तर आपण त्याला काय म्हणू?

तिकडच्या आदिवासींनी ते वर्ष उत्सवाचं मानलं नाही. आम्ही 500 वर्षं टिकून आहोत, लढतो आहोत, असं म्हणून त्यांनी मोर्चे काढले. आणि त्याच वर्षी ग्वाटेमाला देशातल्या रिगोबेर्ता मेंचू या आदिवासी बाईला 1992 चं शांततेचं नोबेल बक्षीस जाहीर झालं. जमिनीच्या लढ्यात तिचे आई-वडील, भाऊ मारले गेले. ती आपलीच बहीण आहे असं आम्ही समजतो.

आता कुणी विचारंल, इतक्या लांबचं कशाला सांगता? आमच्या किनवट-माहूरचं बोला, आमच्या दाव्याचं बोला. तेच बोलायचं आहे. पण त्यासाठी आधी मेक्सिकोला जाऊन यावं लागतं, कारण आपल्यावर जे गुदरलं ते तिथं आधी गुदरलं, आणि त्यांनी जमीन परत कशी मागितली तेही आपल्या कामाचं आहे.

मेक्सिकोत काय झालं

मेक्सिकोत आझ्टेक लोकांचं राज्य होतं. राजधानी तळ्याच्या मधोमध, नाव तेनोच्तित्लान. नाव जड आहे, पण शहर त्या वेळच्या जगातल्या मोठ्या शहरांपैकी होतं. राजाचं नाव मोक्तेसुमा. 1519 साली कोर्तेस नावाचा स्पेनचा सरदार किनाऱ्याला उतरला तेव्हा त्याच्याकडं सैनिक 500 च्या आसपास आणि घोडे 16. एवढ्यांनी एवढं मोठं राज्य कसं जिंकलं? पुस्तकात सांगतात, त्यांच्याकडं बंदुका होत्या, घोडे होते, आदिवासी भोळे होते. हे अर्धं खरं आहे.

उरलेलं खरं असं, की आझ्टेक राजे काही साधू नव्हते. आजूबाजूच्या जमातींकडून ते खंडणी घ्यायचे, माणसं बळी द्यायला न्यायचे. त्लास्काला नावाच्या मुलखाचं त्यांच्याशी जुनं वैर. त्लास्कालाचे लोक आधी कोर्तेसशी लढले, मग त्याला मिळाले. त्यांना वाटलं, या पाहुण्याच्या हातानं आपण शत्रूचा काटा काढू. कोर्तेसबरोबर लढायला हजारोंनी गेले ते हेच आदिवासी.

8 नोव्हेंबर 1519 ला मोक्तेसुमानं कोर्तेसला शहरात घेतलं, मान दिला, राहायला वाडा दिला. थोड्याच दिवसांत पाहुण्यानं यजमानालाच कैद केलं. पुढल्या वर्षी त्यांच्या मोठ्या सणाला माणसं नटूनथटून, बिनहत्यारी नाचत होती. आपल्या दंडारीत गुसाडी नाचतात तशी. स्पेनच्या शिपायांनी दारं बंद केली आणि नाचणाऱ्यांना कापून काढलं. मग शहर पेटून उठलं. मोक्तेसुमा मेला, कोर्तेसला रातोरात पळावं लागलं. पण मागं देवीचा रोग राहिला. तिकडच्या लोकांना हा रोग कधी माहीतच नव्हता, घरंच्या घरं गेली, नवा राजाही त्यातच गेला. कोर्तेस परत आला, त्यानं शहराला वेढा दिला, पिण्याचं पाणी तोडलं. 13 ऑगस्ट 1521 ला शहर पडलं. शेवटचा राजा कुआउतेमोक जवान पोरगा होता. सोनं कुठं लपवलं सांग म्हणून त्याचे पाय भाजले आणि 1525 मध्ये त्याला फाशी दिली.

त्लास्कालाला सवलती मिळाल्या, पण मालक झाला स्पेनचा राजा. ज्यांनी दार उघडून दिलं त्यांच्याही घरात तोच मालक. बाकी गावं शिपायांना वाटून दिली. गावानं मालकाला खंडणी द्यायची, वेठ करायची. वेठबिगारी म्हणजे काय हे आपल्या आज्या-पंज्यांना विचारायची गरज नाही, आपल्यातल्या कित्येकांनी ती केली आहे.

वाचून दाखवलेला कागद

या सगळ्यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

स्पेनच्या सरदारांबरोबर एक कागद असायचा. 1513 साली त्यांच्या एका वकिलानं तो लिहिला. लढाई करण्याआधी तो आदिवासींना मोठ्यानं वाचून दाखवायचा असा राजाचा हुकूम होता. कागदात काय होतं? देवानं जग केलं, देवाचा धर्मगुरू रोमला बसतो, त्यानं हा सगळा मुलूख स्पेनच्या राजाला दिला आहे. तुम्ही हे कबूल करा. नाही केलं तर आम्ही तुमच्यावर चालून येऊ, तुमच्या बायका-पोरांना गुलाम करू, मालमत्ता घेऊ, आणि जे मरतील त्यांचा दोष तुमच्यावर राहील.

कागद स्पॅनिश भाषेत. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नव्हतं. कधी दुभाषी असायचा, कधी नसायचा. कधी लोक पळून गेलेल्या ओसाड गावापुढंच वाचायचे. पण बरोबर कारकून असायचा. तो लिहून घ्यायचा, की कागद कायदेशीर वाचला, लोकांनी मानला नाही. मग लूट कायद्यात बसली.

आता हेच आपल्या भारतीय वन कायद्यात बघा, सन 1927 चा. कलम 4 प्रमाणं सरकार जाहीर करतं, की अमुक जमीन राखीव जंगल करायची आहे. कलम 6 प्रमाणं अधिकाऱ्यानं आजूबाजूच्या प्रत्येक गावात तिथल्या भाषेत जाहीरनामा लावायचा आणि हक्क सांगायला कमीत कमी तीन महिने मुदत द्यायची. कलम 9 म्हणतं, ज्यानं मुदतीत हक्क सांगितला नाही त्याचा हक्क संपला. मग कलम 20 प्रमाणं जंगल राखीव. कायद्यात "तिथली भाषा" असं लिहिलेलं आहे. पण गोंडीत किंवा कोलामीत असा जाहीरनामा कानानं ऐकला असं सांगणारा म्हातारा आम्हाला अजून एका गावात भेटला नाही. आपण गप्प बसलो म्हणून आपला हक्क संपला, असा कागद मात्र कचेरीत आहे.

आपल्या राज्यांचं काय झालं

आपलेही राजे होते. देवगडला, चांद्याला गोंडांची राज्यं होती. नागपूर शहर देवगडच्या बख्त बुलंद राजानं वसवलं. चांद्याचा तट अजून उभा आहे. माहूरलाही आपलं राज्य होतं असं बुजुर्ग सांगतात. परधान बांधव किंगरीवर या राजांच्या कथा गातात त्या आपण लहानपणापासून ऐकल्या. पण ती राज्यं गेली कशी?

देवगडचा चांद सुलतान राजा 1739 च्या सुमारास वारला. गादीसाठी भांडण लागलं. वली शहानं गादी बळकावली. राणी रतनकुंवरनं पोरांचा हक्क राखायला वऱ्हाडातून रघुजी भोसल्याला बोलावलं. तो आला, त्यानं वली शहाला हटवलं, राणीच्या पोरांना गादी दिली, आणि मोबदल्यात पैसा आणि मुलूख घेऊन गेला. चार वर्षांनी दोघं भाऊ आपसात भांडले. एकानं परत रघुजीला बोलावलं. या वेळी रघुजी गेलाच नाही. गोंड राजा नावाला राहिला, ठराविक रक्कम घेऊन नागपूरला बसला, राज्य भोसल्यांचं झालं.

चांद्याला नीळकंठ शहा राजा होता. लोक त्याच्यावर नाराज, दरबारात फूट. 1749 मध्ये त्याच्याकडून तहाच्या कागदावर उत्पन्नाचा मोठा हिस्सा लिहून घेतला. 1751 मध्ये त्यालाच बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद केलं. एवढा मोठा तट, पण लढाईपेक्षा फितुरीनंच शहर गेलं. पुढं 1853 ला नागपूरचे रघुजी तिसरे वारस नसताना वारले आणि इंग्रजांनी भोसल्यांचंच राज्य खालसा केलं. ज्यानं आपलं घेतलं त्याचंही गेलं.

1858 मध्ये बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. त्यांनाही आपल्यातल्याच एका जमीनदारीनं इंग्रजांच्या दबावाखाली पकडून दिलं. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.  त्यांना आमचा जोहार.

हे वाचून कुणी म्हणंल, मग आपल्याला परत राजा पाहिजे. आम्हाला असं वाटत नाही. राजाच्या फोटोला हार घालावा, त्याचा अभिमान धरावा, पण राजाचं राज्य आणि गावाची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोक्तेसुमा गेल्यावरही मेक्सिकोतला शेतकरी मकाच पेरत होता. नीळकंठ शहा गेल्यावरही आपले पूर्वज ज्वारीच पेरत होते, मोह वेचत होते. राज्य तलवारीनं आणि फितुरीनं गेलं, ते एका दिवसात गेलं. जमीन त्यानंतर गेली, हळूहळू गेली, आणि ती कागदानं गेली.

पैनगंगेच्या अलीकडं

पैनगंगेच्या दक्षिणेला निजामाचं राज्य. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. निजामाच्या कचेरीत कागद उर्दूत. आपण बोलणार गोंडी, कोलामी, नाहीतर मराठी. आपला पूर्वज दोन-तीन वर्षं एक तुकडा पेरायचा, मग तो पडीक ठेवून दुसरा धरायचा, जमिनीला विसावा म्हणून. बाहेरून आलेल्या, उर्दू जाणणाऱ्या, कचेरीत ओळख असलेल्या माणसानं तोच पडीक तुकडा आपल्या नावावर लावून घेतला. म्हातारा परत नांगर घेऊन गेला तर त्याला सांगितलं, ही जमीन दुसऱ्याची आहे. बाकी राहिलं त्यावर जंगल खात्यानं हद्दीच्या खुणा लावल्या.

कोमरम भीमनं तिथंच उठाव केला. 12 गावांच्या जमिनीचा हक्क मागितला. 1940 साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीनं तो शहीद झाला. पण त्यानंतर निजाम सरकारला आपल्याकडं बघावं लागलं. आदिवासींचा अभ्यास करायला हायमेंडॉर्फ नावाचा माणूस आला, त्याच्या सांगण्यावरून गोंड-कोलामांना पट्टे मिळाले. मारलवाई गावात गोंडी मास्तर तयार करायची शाळा निघाली, देवनागरीत गोंडीची पुस्तकं झाली. आपल्याला कळंल अशा भाषेत ही पुस्तकं झाली ती गोळी खाल्ल्यानंतर. आज तुमच्यातल्या काहींच्या घरी उर्दूतला जुना पट्टा असंल तर तो त्या रक्ताचा आहे. तो चुलीपाशी ठेवू नका.

मेक्सिकोतली पेटी

मेक्सिकोच्या लोकांनी जमीन परत कशी मागितली तेही ऐका. अनेनेकुइल्को नावाचं लहान गाव आहे. उसाच्या मोठ्या मळेवाल्यांनी त्याची जमीन गिळत आणली होती. पण गावातल्या बुजुर्गांनी एक गोष्ट पिढ्यान्‌ पिढ्या केली. स्पेनच्या राजवटीपासूनचे गावाच्या जमिनीचे सगळे जुने कागद आणि नकाशे एका पेटीत जपून ठेवले. 1909 साली म्हाताऱ्या पंचांनी ठरवलं, आता आपल्याच्यानं होत नाही, जवान पोरगा पाहिजे. त्यांनी एमिलियानो सापाता याला निवडलं, वय 30 वर्षं. पेटी त्याच्या हाती दिली.

सापातानं आधी ते कागद वाचून घेतले, मग लढा उभा केला. 1911 साली त्यानं जाहीर केलं, की ज्या गावांकडं जमिनीचे कागद आहेत त्या गावांनी आपली हिसकावलेली जमीन ताब्यात घ्यावी. 1919 मध्ये त्याला दग्यानं मारलं. पण त्याआधी 1917 साली मेक्सिकोच्या राज्यघटनेत कलम 27 आलं होतं, गावांना जमीन परत देण्याचं. त्यातून गावाच्या सामाईक मालकीच्या जमिनी झाल्या, त्या कुणाला विकता येत नव्हत्या. आणि 1992 च्या जानेवारीत तिथल्या सरकारनं तेच कलम बदललं, ती जमीन विकायची वाट मोकळी झाली. म्हणजे मिळालेलं राखावं पण लागतं.

आता आपलं काम

हा अंक आम्ही रेणापूरला काढतो. इथं दाट जंगल नाही, इथला प्रश्न गायरानाचा आहे. रेणापूरला रेणुका आहे आणि माहूरलाही रेणुका आहे, पण दोन्हीकडच्या कास्तकाराचं दुखणं एकच: जमीन हाताखाली आहे, नाव कागदावर नाही. म्हणून दोन्हीकडच्यांनी या तारखा पाठ करा.

गायरानासाठी: 28 नोव्हेंबर 1991 चा राज्य सरकारचा निर्णय होता, 14 एप्रिल 1990 पर्यंतच्या ताब्याचा.

जंगल जमिनीसाठी: राज्य सरकारचा 27 डिसेंबर 1978 चा निर्णय होता, 31 मार्च 1978 च्या ताब्याचा. आणि केंद्राच्या वन मंत्रालयाची 18 सप्टेंबर 1990 ची परिपत्रकं, त्यात 25 ऑक्टोबर 1980 च्या आधीच्या ताब्याचा विचार करायला सांगितलं होतं.

सातबाऱ्यावरची जमीन बिगरआदिवासीकडं गेली असंल तर: 6 जुलै 1974 नंतर कलेक्टरच्या परवानगीशिवाय तशी विक्री चालत नाही. त्याच्या आधीची, 1 एप्रिल 1957 पासूनची गेलेली जमीन परत मागायचा कायदा 1974 चा आहे.

कुणी सांगितलं "असा काही कायदा नाही", तर भांडू नका. तारीख सांगा आणि नाही म्हणता ते लिहून द्या म्हणा.

दुसरं, प्रत्येक गावानं एक पत्र्याची पेटी करावी. त्यात काय ठेवायचं? जंगल खात्यानं दंड केला त्याची पावती. लई जण ती रागानं फाडून टाकतात. फाडू नका. 1976 ची दंडाची पावती म्हणजे 1976 ला तुम्ही ती जमीन पेरत होता हे सरकारनंच लिहून दिलं आहे. जुना उर्दू पट्टा, एकसाली पट्टा, पीकपेरा, जमीन महसुलाची पावती, पंचनाम्याची नक्कल, कोर्टाचं समन्स, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, कोणतं वावर कुणी कधी तोडलं, विहीर कधी खणली, देव कुठं बसवला. म्हातारी माणसं ऐकून सांगण्यासाठी कायमची बसून राहत नाहीत. पेटीत काय आहे त्याची यादी करा आणि एक प्रत संघटनेकडं द्या. पेटी एका पुढाऱ्याच्या घरी नको, पक्षाच्या कचेरीत तर नकोच. कुलूप एकाकडं, किल्ली दुसऱ्याकडं. बायकांचं नाव दाव्यात पहिल्यापासून घाला. नांगरामागं त्या चालतात, कागदावर मात्र दिसत नाहीत.

तिसरं, कोऱ्या कागदावर अंगठा नाही. वाचून दाखवला म्हणून पण नाही. आपल्यातल्या कुणीतरी वाचल्याशिवाय आणि गोंडीत, कोलामीत समजावून सांगितल्याशिवाय नाही. कोर्तेसची दुभाषी एक आदिवासी मुलगी होती, मालिन्चे. लोक तिला आजही नावं ठेवतात. पण ती गुलाम म्हणून देऊन टाकलेली पोरगी, तिला काय निवड होती? आपल्याला निवड आहे. आमच्यासारखे जे दहावी-बारावी झाले त्यांना आम्ही सांगतो, नोकरी मिळंल तेव्हा मिळंल, तोवर गावाचे वाचणारे व्हा. रविवारी पारावर बसा, ज्याच्या घरी जो कागद असंल तो वाचून द्या. चहासुद्धा घेऊ नका.

चौथं आणि सगळ्यात अवघड. काही गावांत सध्या कुजबूज चालू आहे. कुणी येतो, म्हणतो, गोंडांचं आधी करून देतो, आंधांना सांगू नका. दुसऱ्या पाड्यावर म्हणतो, कोलामांचं वेगळं बघू, तुम्ही संघटनेचा नाद सोडा. एका घराला सांगतो, तुझं दोन एकर मोजून देतो, शेजाऱ्याचं राहू दे. हे ऐकून कुणाला मोह होत असंल तर आम्ही त्याला शिव्या देणार नाही. ज्याच्या घरात पोरं उपाशी आहेत त्याला दोन एकर लई मोठं वाटतं. फक्त एवढंच विचारतो: देवगडच्या भावानं रघुजीला कशासाठी बोलावलं होतं? आपल्या भावाविरुद्ध. शेवटी दोन्ही भावांकडं काय राहिलं?

म्हणून दावा गावाचा एकत्र. मोजणी गावाची एकत्र. आधी कुणाचं, मागून कुणाचं हे ठरवायचं असंल तर ते गाव पारावर बसून ठरवंल, बाहेरचा माणूस नाही. विधवा आणि भूमिहीन यांचं पहिलं, असं आम्ही सुचवतो. बाकी तुम्ही ठरवा.

दंडारीचे दिवस आहेत. एका गावची दंडार दुसऱ्या गावाला पाहुणी जाते. या वेळी पाहुणे आले की नाच झाल्यावर तासभर बसा आणि एकमेकांना विचारा: तुमच्या गावात पेटी झाली का? यादी केली का? ज्या गावात झाली त्यांनी दुसऱ्याला शिकवा. पुढच्या अंकात कोणत्या गावांनी पेटी केली त्यांची नावं छापू. त्यात आपलं गाव असू द्या.

जंगल जमीन आमच्या हक्काची!
गाव एक, दावा एक!
जोहार!